जंगलात वेगळंच माकड दिसलं तर काय करायचं

आधीच सांगतो, कोकणात नवीन जातीचं माकड मिळायचे चान्स फार कमी आहेत. आपल्याकडे मुख्य दोनच, काळ्या तोंडाचे वानर आणि लालसर तोंडाची माकडं, आणि बागायतदारांना दोन्ही नको तितकी ओळखीची आहेत. पण अशक्य नाही हां, अरुणाचलात तवांगकडे २००५ ला मुंझाला जातीचं माकड जाहीर झालंच की, आणि तिथल्या गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून कॅमेरा काढायच्या आधी गावात विचारा, ज्याचे नारळ-फणस जातात त्यालाच. फक्त "नवीन आहे का हो?" असं विचारू नका, लोक हो म्हणून मोकळे होतात. शेपटी केवढी, कळपात किती, कुठल्या महिन्यात खाली येतात, ओरडतात कसे, असं विचारा. काँगोतलं लेसुला २००७ मध्ये संशोधकांना पहिल्यांदा दिसलं ते जंगलात नाहीच, एका शाळामास्तरांच्या घरी पाळलेलं होतं, आणि शास्त्रीय नाव मिळायला २०१२ उजाडलं.

फोटो काढताना नुसतं तोंड नको. डोक्यावरचे केस (आपल्या माकडाला मधोमध भांग पाडल्यासारखी टोपी असते), हातापायांचा रंग, बूड, आणि पूर्ण शेपटी अंगाच्या बाजूने, म्हणजे लांबीचा अंदाज येतो, मुंझालाच्या बाबतीत शेपटीची लांबी महत्त्वाची ठरली होती. वानर असेल तर चालतानाचा व्हिडिओ घ्याच, उत्तरेकडचे शेपटी डोक्याकडे वळवून चालतात, दक्षिणेकडचे मागे ठेवतात. पहाटे हूप ऐकू आली की मोबाईलवर रेकॉर्ड करा. एखादंच जनावर वेगळ्या रंगाचं असेल तर त्यात काही नाही, पिल्लांचा रंग वेगळा असतो, कधी आजारीही असतं. अख्खा कळप तसा असेल तर पुढे जा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मेलेलं माकड दिसलं तर नमुना मिळाला म्हणून हात लावू नका! दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाने माणसं गेलीत, तो गोचिडीतून पसरतो. लांबूनच वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा, जंगलातून आल्यावर अंग नीट तपासा. पकडणं-मारणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पुढचं काम आपलं एकट्याचं नाही. विष्ठेतून डीएनए काढता येतो पण त्याला परवानगी आणि लॅब लागते, म्हणून प्राणी सर्वेक्षण खात्याच्या पुण्यातल्या ऑफिसला किंवा माकडांवर काम करणाऱ्या संशोधकाला गाठा. ते म्युझियममधल्या जुन्या कातड्या-कवट्यांशी ताडून बघतात, म्यानमारचं पोपा लंगूर २०२० ला असंच लंडनच्या म्युझियममधल्या शंभरेक वर्षं जुन्या नमुन्यामुळे पक्कं झालं. मग जर्नलमध्ये पेपर, त्यात लॅटिन पद्धतीचं नाव, इतर जातींपासून फरक काय ते, आणि होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं असतं तो. टांझानियाच्या किपुंजीचं पहिलं वर्णन २००५ ला फोटोंवरून केलं, मग शेतातल्या फासात एक मेलेलं सापडलं, ते तपासल्यावर २००६ ला त्याला नवीन वंशातच (जातीच्या वरचा गट) टाकावं लागलं, म्हणजे फोटोवर सगळं भागतं असं नाही.

पेपर येईपर्यंत गावाचं नाव, लोकेशन ग्रुपवर टाकू नका, फोटोतलं जीपीएसही बंद करा.