ड्रम कोअरचा इतिहास लिहिताय? १९८४ पाशी जरा थांबा

ड्रम कोअर म्हणजे बिगुल आणि ड्रम वाजवत मैदानात कवायत करणारं, स्पर्धांत गुणांसाठी उतरणारं अमेरिकन पथक. आधी उच्चार. इंग्रजीत लिहिताना ‘कॉर्प्स’ असलं तरी म्हणायचं ‘कोअर’. पहिल्याच मुलाखतीत मी तो ‘प’ चांगला ठणकावून म्हटला. समोरचे सत्तरीतले आजोबा गंभीरपणे म्हणाले, “अजून मेलो नाही आम्ही.” इंग्रजीत त्या ‘प’मुळे प्रेत होतं! पुण्यात तीन वर्षं पथकात ताशा वाजवलेला मी, ढोलवाल्यांच्या बिरादरीत असा शिरलो.

न्यू जर्सीत इतिहासात एमए करताना मी एका छोट्या गावच्या, केव्हाच बंद पडलेल्या ड्रम अँड ब्यूगल कोअरचा इतिहास प्रबंधाला घेतला. तुम्हीही असलाच विषय घेतला असेल, तर मुलाखती, संमतिपत्रं, स्कॅनिंग यावर मी काही सांगत बसत नाही. माझे सहा आठवडे बुडाले ते गुणांच्या आकड्यांपायी.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना, चर्च, स्काउटचे गट असे सगळे गावातल्या पोरांच्या हाती बिगुल आणि ड्रम देत होते. न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावचं होली नेम कॅडेट्स १९३४ चं, चर्चच्या आश्रयाने उभं राहिलेलं. तेच पुढे गारफिल्ड कॅडेट्स झालं, मग नुसतं ‘द कॅडेट्स’, आणि २०२४ मध्ये बंद पडलं. एकच कोअर वेगवेगळ्या नावांनी सापडतं, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांत एकाच नावाने शोधून ‘काही मिळत नाही’ म्हणू नका. आणि १९७२ पूर्वीच्या कात्रणात ‘नॅशनल चॅम्पियन’ दिसलं की आधी विचारा, कुणाचे? लीजनचं अजिंक्यपद वेगळं, व्हीएफडब्ल्यूचं वेगळं. या संघटनांच्या कारभाराला कंटाळलेल्या कोअर्सनी ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनातल्या व्हाइटवॉटरला तिचं पहिलं अजिंक्यपद झालं. ते अनाहाइम किंग्जमेनने जिंकलं.

आता माझा खड्डा. माझ्या कोअरचे १९८३ चे गुण साठीच्या घरात होते, १९८४ चे थेट सत्तरीच्या पुढे. त्याच हिवाळ्यात नवा संचालक आलेला. मी आलेख काढला, प्रकरणाला ‘पुनर्जन्म’ असं नाव दिलं आणि त्या माणसाला जवळजवळ देव्हाऱ्यात बसवलं. माझ्या मार्गदर्शकांनी ‘छान’ असा शेरा मारून प्रकरण परत दिलं. सगळ्यालाच ‘छान’ म्हणणारा गाइड असेल तर सावध राहा. वाचत नसतो तो. शेवटी एका जेवणाच्या वेळी कोअरमध्ये स्नेअर ड्रम वाजवलेल्या एक आजी आलेख बघून हसायला लागल्या. “अरे, त्या वर्षी सगळ्यांचेच गुण वाढले होते!”

झालं होतं असं. १९८३ पर्यंत ‘टिक’ पद्धत होती. परीक्षक पाटी-पेन्सिल घेऊन मैदानात वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळून फिरायचे. पाऊल उशिरा पडलं, टिक. एक काठी आधी वाजली, टिक. ओळ वाकडी, टिक. प्रत्येक टिकेला एक दशांश गुण वजा. म्हणजे सफाईचे गुण पूर्ण धरायचे आणि चुका मोजत खाली यायचं. डीसीआयने १९८४ पासून हे बंद केलं. आता तळापासून सुरुवात करून, काय साधलं ते बघत गुण वर चढवायचे. विजेत्याचेच आकडे बघा: गारफिल्ड कॅडेट्स दोन्ही वर्षी पहिले, पण १९८३ मध्ये ९४ च्या आसपास आणि १९८४ मध्ये ९८. माझा ‘पुनर्जन्म’ म्हणजे नुसता फूटपट्टीतला बदल होता.

म्हणून वर्षावर्षांचे गुण शेजारी ठेवूच नका. एकाच रात्री, त्याच परीक्षकांपुढे दुसरं कोअर किती पुढे होतं, तेवढंच अंतर मोजा. एकाच हंगामातले आकडेसुद्धा फसवतात. जूनमध्ये कमी, ऑगस्टमध्ये जास्त, हे सगळ्यांचंच. शौकीन मंडळींनी टाइप करून ठेवलेल्या गुणयाद्या तारीख शोधायला उत्तम, पुरावा म्हणून नाहीत. त्या रात्रीचा मूळ तक्ता मागा. तो बहुतेकदा कुणाच्या तरी तळघरात, ओलसर खोक्यात असतो.

घाबरू नका मात्र. मी प्रकरण फाडलं आणि अकरा दिवसांत परत लिहिलं, कारण मुलाखती खऱ्या होत्या, चुकला होता तो माझा आलेख. अंतरं मोजल्यावर कळलं की कोअर १९८४ मध्ये होतं तिथेच होतं आणि खरी उडी १९८६ ची. ती कुणामुळे, हे अजून नक्की सांगता येत नाही. संचालकाला देव्हाऱ्यातून उतरवताना थोडं वाईट वाटलं. त्यांची मुलगी मला मुलाखतीत कॉफी पाजत होती.

फोटोंबद्दल एक. बिगुलाचे व्हॉल्व, म्हणजे सूर बदलायच्या कळा, मोजून साल ठरवायचा मोह होतो. तीन व्हॉल्वना डीसीआयने १९९० मध्ये परवानगी दिली, बिगुलाची ‘जी’ (G) पट्टी सोडून दुसऱ्या पट्टीच्या पितळी वाद्यांना २०००च्या हंगामापासून. म्हणजे डीसीआयच्या मैदानावर तीन व्हॉल्वचा बिगुल दिसला तर फोटो १९९० किंवा नंतरचा, हे चालेल. उलटं चालत नाही. गरीब कोअर दुसऱ्याकडून जुने बिगुल घेऊन वर्षानुवर्षं वाजवायचे. माझ्या कोअरकडे तर एक बिगुल होता, त्याचा व्हॉल्व अडकला की मुलं त्यात थुंकायची. हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी आपणहून सांगितलं, आणि प्रबंधात मी ते ठेवलं आहे, पान ६१.