रेन्वाचं उन्हातलं पाँ नफ घरी कसं कॉपी करायचं

उन्हातला रस्ता काढायला बसलो की आपण सगळे एकच घोळ घालतो, सावलीत काळा रंग. मी पण घातलाय, दोन कॅनव्हास वाया गेले, ऊन कमी आणि चिखल जास्त. शेवटी फ्रेंच चित्रकार पिएर-ऑग्युस्त रेन्वाचं १८७२ चं पॅरिसमधल्या पाँ नफ पुलाचं चित्र समोर ठेवून कॉपी केलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, साधारण ७५ बाय ९४ सेंमी, आणि त्यांच्या साइटवरून मोठी फाइल फुकट डाउनलोड होते, तीच घ्या, कुठलाही स्क्रीनशॉट नको, रंग बदललेले असतात.

आधी फोनवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. बघा, सावल्या वाटतात तितक्या गडद नाहीयेत, खरा काळपटपणा आहे तो माणसांच्या कोटात आणि घोडागाड्यांत. सगळी गंमत इथेच आहे, रस्ता जवळजवळ पांढरट पिवळा ठेवलाय म्हणून तो तापलेला वाटतो.

आता क्रम. रेन्वाने एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर बसून हे काढलं, आधी नदीकाठचे धक्के, लांबची घरं, फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीचा पुतळा हे सगळं आखून घेतलं आणि मग येणारी-जाणारी माणसं. तुम्हीही तसंच करा. त्याचा भाऊ एदमाँ खाली पुलावर जाऊन लोकांना काहीतरी फालतू विचारून, किती वाजले वगैरे, मिनिटभर थांबवायचा म्हणजे वर ह्याचं स्केच होऊन जायचं 😄 आणि तो भाऊ स्वतः चित्रात दोनदा आहे, स्ट्रॉ हॅट आणि हातात काठी, शोधा.

एक लक्षात ठेवा, आपण वरून बघतोय, त्यामुळे लांबचा माणूस लहान होतो आणि कागदावर वर सरकतो. सगळी डोकी एका रेषेत आली की पूल गेलाच.

सावलीचा रंग: अल्ट्रामरीन (गडद निळा), भरपूर पांढरा आणि बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) अगदी ठिपका. निळाच का तर सावलीत थेट ऊन पोचत नाही पण वरचं निळं आकाश पोचतं, भर दुपारी गच्चीवर पांढरी चादर वाळत घाला आणि तिच्या घडीत बघा, पटेल. रस्त्याला पांढरा आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). काळी ट्यूब सरळ ड्रॉवरमध्ये टाका.

माणूस म्हणजे चपट्या ब्रशचे तीन फटकारे, अंग, डोकं, आणि पायाला चिकटलेली आखूड सावली. चिकटलेलीच हवी हां, मधे फट राहिली की माणूस हवेत तरंगतो, माझी निम्मी गर्दी तशीच उडत होती. सावल्या आखूड कारण दुपारची वेळ. नाक-डोळे काढायच्या फंदात पडू नका.

आकाश शेवटी ठेवू नका, सावलीचा निळा त्याच्याशी जुळवायचा असतो म्हणून ते आधीच लावून टाका, ढगांसकट. ऑइलने करत असाल तर रस्ता थोडा सुकू द्या, मगच माणसं, नाहीतर कोटाचा रंग उन्हात मिसळतो आणि परत चिखल.