मुलांना घेऊन सांदण दरीत जायचंय? अशी आखा सहल

रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावाला लागून सह्याद्रीच्या कातळाला एक खोल चीर पडली आहे. तीच सांदण दरी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली ही घळ काही ठिकाणी इतकी अरुंद होते की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात.

आधी महिना ठरवा. पावसाळ्यात दरीत अजिबात उतरू नका. पठारावरचं सगळं पाणी याच चिरेतून धावतं आणि आत सापडलेल्याला बाजूला सरायला जागा नसते. अवकाळी पावसाचा अंदाज असला, तरी बेत पुढे ढकला. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच बोचते. लहान मुलं असतील तर मला फेब्रुवारीअखेर ते मार्च बरा वाटतो, कारण तोवर डोहांतलं पाणीही उतरलेलं असतं.

मुंबईहून कसारा घाट, घोटी, शेंडी असं करत भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून साम्रद गाठा. दुपारीच पोहोचा, म्हणजे उजेडात तंबू लागतात. मुक्काम गावातच करा. अंगणात किंवा शेतात तंबूची सोय होते, गरम भाकरी-पिठलं मिळतं आणि पैसे गावात राहतात. सकाळसाठी गावातलाच वाटाड्या रात्रीच ठरवून ठेवा.

सकाळी लवकर निघा. पाठीवर एकच सॅक, हात मोकळे. पायांत भिजले तरी चालतील असे घट्ट पकडीचे बूट, कोरडा जोड तंबूत. डोक्याला हेल्मेट हवंच, कारण वर माकडं फिरली की दगड सुटतात. कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात, तेव्हा अत्तर लावू नका आणि आरडाओरडा होऊ देऊ नका.

सुरुवातीलाच डोह लागतात. आधी मोठ्या माणसाने काठीने खोली बघत पार व्हावं. पाणी मुलाच्या कमरेच्या वर असेल तर तिथूनच परत फिरा. मुलाला खांद्यावर घेऊन डोह ओलांडायचा मोह टाळा. तळाचे दगड शेवाळलेले असतात आणि पाय सरकला की दोघंही पडतात.

पुढे नुसते धोंडे. इथे मुलांना घाई करू देऊ नका. आमच्या मुलीला मी एकच गोष्ट शिकवली: पाय ठेव, दाबून बघ, दगड हलला नाही तरच अंगाचा भार टाक. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळली, मग स्वतःच मला सांगू लागली, ‘बाबा, हा डुगडुगतोय.’

दोर लावून उतरायचा पहिला कडा आला की थांबा. खाली वाट कोकणाकडे जाते. तिला दोर, जाणकार आणि पूर्ण दिवस लागतो. मुलांसोबत इथूनच माघारी फिरायचं, हे घरून निघतानाच ठरलेलं असू द्या. परतीची वाट चढाची आहे, म्हणून अर्धं पाणी आणि खाऊ तिच्यासाठी राखा.

निघण्याआधी एखाद्या सपाट धोंड्यावर मुलांना उताणं झोपवा. दोन काळ्या भिंतींमधून आभाळाची निळी पट्टी दिसते. आमची तिथे अर्धा तास हललीच नव्हती.