मिरचीची फळकूज: डाग लाल फळावर, लागण हिरव्या फळाला

ऑक्टोबर लागला तरी पाऊस पाठ सोडत नाही आणि गडहिंग्लज, आजरा भागातल्या संकेश्वरी मिरचीला हिरवी फळं लगडलेली आहेत. फळकुजीची खरी वेळ हीच. बहुतेक जण फवारणी करतात ती लाल फळावर काळा, खोलगट डाग दिसल्यावर. पण कोलेटोट्रायकम बुरशी फळ हिरवं असतानाच आत शिरते, गप्प बसून राहते आणि फळ पिकायला लागलं की डोकं वर काढते. डाग पडलेलं फळ कुठल्याही औषधानं बरं होत नाही.

डाग गोल, त्यात वर्तुळावर वर्तुळं, दमट हवेत मध्यभागी गुलाबीसर चिकट थर. ते बुरशीचे बीजाणू. पावसाच्या थेंबांबरोबर ते उडून शेजारच्या फळावर जातात, म्हणून तुषार सिंचन आता बंदच ठेवा. शेंड्याकडून वाळत येणाऱ्या फांद्याही याच रोगाच्या. खालच्या हिरव्या भागापर्यंत छाटा. कुजकी फळं बांधावर टाकायची सवय मोडा, गोळा करून जाळा किंवा खोल पुरा.

फळधारणेपासून, पाऊस उघडीप देईल तेव्हा मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात मिसळून फवारावं. ढगाळ, दमट हवा टिकली तर दहा-बारा दिवसांनी ॲझॉक्सिस्ट्रॉबिन 23 टक्के, 1 मिली किंवा डायफेनोकोनॅझोल 25 टक्के, अर्धा मिली प्रतिलिटर. दोन्हींपैकी एकच, आणि पुढच्या वेळी बदलून. तेच ते मारत राहिलं की बुरशी दाद देत नाही. दुकानदार एका पंपात तीन-चार बाटल्या ओतायला सांगेल, ऐकू नका. फवारणी आणि तोडा यांत किती दिवस हवेत ते लेबलवर असतं, तेवढे थांबा.

तोडलेली मिरची ओली असताना ढीग लावू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा आणि दव पडायच्या आत झाका. डागाळलेली फळं वाळवणाआधीच वेगळी काढा. एकत्र वाळवली तर अख्ख्या मालाचा दर पडतो.

संकेश्वरीचं बी आपण घरचंच धरतो आणि रोग बियातूनही येतो. त्यामुळे बियाण्याची फळं निरोगी झाडांवरची, एकही ठिपका नसलेली घ्या. पेरणीआधी किलोभर बियाण्याला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. यंदा जिथं फळकूज जास्त दिसली, त्या रानात पुढची दोन-तीन वर्षं मिरची, टोमॅटो, वांगी नको. ज्वारी किंवा भुईमूग घ्या.