फायबरच्या डोंग्यावर कागदी लोगो बसवताना या चुका टाळा

मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या डोंग्यावर मच्छीमार संस्थेचा लोगो रंगवला की बांबू आणि जाळी घासून तो लवकर उडतो. कागदावर छापून रेझिनखाली (हार्डनर घातल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) बसवलेला टिकतो, पण कागद चुकला की सगळंच चुकतं.

झेरॉक्सच्या दुकानातला ७५-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद वापरूच नका. त्यात रेझिन पूर्ण मुरत नाही, कडा पांढऱ्या राहतात आणि पुढे थर तिथूनच सुटतो. २० ते ३० जीएसएमचा, चकाकी नसलेला टिश्यू कागद घ्या. साध्या कागदाला पुढच्या काठाशी कागदी टेपनं चिकटवून तो लेझर प्रिंटरमधून काढा. सेलोटेप प्रिंटरच्या आत वितळते. इंकजेटची शाई रेझिनमध्ये फुटू शकते, टोनरही कधी विरघळतो. म्हणून टाकाऊ फायबरवर आधी एक तुकडा बसवून पाहा.

रेझिन प्यालेला टिश्यू पारदर्शक होतो. निळ्या डोंग्यावर लोगोतला पांढरा भाग निळाच दिसणार. तिथं आधी पांढऱ्या जेलकोटचा (रंग मिसळलेलं दाट रेझिन) चौकोन द्या.

नव्या डोंग्यावर साच्याचं मेण असतं. ते अ‍ॅसिटोननं पुसूनच ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत बसतं आणि लोगो पापुद्र्यासारखा निघतो.

वैशाखात ४४-४५ अंशांत रेझिन बघता बघता घट्ट होतं. पहाटे, सावलीत काम करा. १०० ग्रॅम रेझिनला १ मिली हार्डनर पुरे. त्याहून कमी घातलं तर रेझिन नीट पिकत नाही, चिकट राहतं. थंडीत दुपार गाठा आणि २ मिलीपर्यंत जा. कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारा द्रव) वेगळा मिळत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

पृष्ठभागावर रेझिनचा पातळ हात द्या, कागद मधून कडेकडे टेकवा आणि खालून भिजू द्या. पांढरा ठिपका उरला नाही की वरून ब्रश फिरवा, मग १०० ते १६० जीएसएमचं विणलेलं फायबर कापड. जाड मॅट (तुटक फायबर धाग्यांची चटई) टाकली तर अक्षरं धूसर होतात.

बुडबुडा रेझिन ओलं असतानाच दिसला तर कापडाचं टोक उचलून रेझिन सोडा. सुकल्यावर दिसला तर त्याच्या दोन टोकांना १-२ मिमीची भोकं पाडा आणि एकातून सिरिंजनं रेझिन भरत राहा, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत. पावसाळ्यात दमट कागदामुळे दुधाळ डाग पडतो. त्याला इलाज नाही, घासून काढून नवा लोगो लावा. कागद आधी इस्त्रीनं वाळवला असता तर हे टळतं. लोगो तिरका बसला तर रेझिन घट्ट होण्याआधीच सरकवा. जेलीसारखं झाल्यावर ओढलात की कागद फाटतो.

पहिल्या थरावर पॉलिश पेपर मारायची घाई करू नका. कापड कापलं जातं आणि शाई उघडी पडते. मेण मिसळलेल्या रेझिनचा आणखी एक हात द्या, तो पूर्ण सुकल्यावर २२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलका फिरवा.