शर्यतीच्या चित्रपटासाठी हिप-हॉप अल्बम: इंजिनाला जागा ठेवून गाणी कशी करावीत

रस्त्यावरच्या शर्यतींच्या चित्रपटासाठी हिप-हॉपचा अल्बम करायला बसलेली आमच्याकडची मुले सहसा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आठ-दहा बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे तालाचे तुकडे, आधी तयार होतात, त्यांवर रॅप लिहिला जातो आणि मग चित्रपटात कुठे काय बसते याचा शोध सुरू होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बसून मोटारसायकलींच्या शर्यतीवरच्या एका लहान चित्रपटाचे काम मी केले, तेव्हा मीही हेच केले होते आणि अकरापैकी सात बीट फेकून द्याव्या लागल्या. अशा चित्रपटात सर्वांत मोठा आवाज इंजिनाचा असतो. त्याला जागा सोडून गाणे रचता आले, तरच ते गाणे पडद्यावर टिकते.

म्हणून लॅपटॉप उघडण्यापूर्वी दिग्दर्शक आणि संकलक यांच्यासोबत कच्चे संकलन दोनदा पाहावे. पहिल्या वेळी काहीही लिहू नये. दुसऱ्या वेळी वहीत प्रत्येक प्रसंगासमोर नोंद करावी की गाणे कोणत्या सेकंदाला सुरू होते, कुठे थांबते, मध्ये कोण बोलते आणि गाडी दिसते की नुसती ऐकू येते. रॅप हे शब्दांचे गाणे असल्यामुळे संवादाखाली ते चालत नाही. दोन्हीकडचे शब्द वाया जातात. पात्र बोलत असेल तिथे नुसती बीट द्यावी आणि कडवे ते गप्प झाल्यावर आणावे. संकलकाने तात्पुरते म्हणून एखादे गाजलेले गाणे दृश्याखाली घातले असेल, तर ते पहिल्याच दिवशी काढायला सांगावे, कारण महिनाभर ते ऐकलेल्या दिग्दर्शकाला नंतर तुमचे कोणतेच गाणे पसंत पडत नाही.

गाणी आणि पार्श्वसंगीत ही दोन वेगळी कामे आहेत, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावे. २००३ च्या ‘टू फास्ट टू फ्युरियस’ या चित्रपटात रॅपर लुडाक्रिसने भूमिकाही केली आणि मुख्य गाणेही म्हटले, पण पार्श्वसंगीत डेव्हिड अर्नोल्ड या वेगळ्या संगीतकाराचे होते. आपल्याकडे एकाच माणसाने दोन्ही करावे अशी अपेक्षा असते. तसे करायचे असेल, तर त्याचे पैसे आणि मुदत वेगळी ठरवावी.

प्रत्यक्ष शर्यत चालू असताना गाणे किती वाजावे, यावर माझे मत थोडे टोकाचे आहे: शक्य तितके कमी. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवसा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि रात्री नाटक असा जुना क्रम आहे. बैलजोडी सुटते त्या क्षणी कोणाला पेटी-तबल्याची आठवण होत नाही. कान घुंगरांकडे आणि हाकाऱ्यांकडे लागलेले असतात. चित्रपटातही गाडी सुटल्यानंतरचे निदान तीन सेकंद इंजिनालाच द्यावेत, आणि गाण्याचा भर शर्यतीच्या आधीच्या तयारीवर व नंतरच्या उतरणीवर ठेवावा.

आता लयीचा हिशेब. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालत असेल, तर मिनिटाला चौकटी होतात १४४०. या आकड्याला बीटच्या गतीने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठेक्यांनी, भागले की एका ठेक्याला किती चौकटी येतात ते कळते: ९० च्या गतीला १६, ९६ ला १५, १४४ ला नेमक्या १०. भागाकार पूर्ण सुटला, की संकलकाला दृश्याचा काप ठेक्यावर बसवणे सोपे जाते. १४० घेतले, तर बहुतेक ठेके चौकटीच्या मध्ये कुठेतरी पडतात आणि दोघांचीही चिडचिड होते. ९६ च्या गतीला चार ठेक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा, म्हणजे सोळा बारांचे कडवे बरोबर ४० सेकंदांचे होते. वेग वाटावा म्हणून गती वाढवण्याची गरज नाही. हाय-हॅट (ड्रममधली झांजेची जोडी) दुप्पट केली, की ९६ ची बीटही धावू लागते. चित्रपट २५ चौकटींचा आहे की २४ चा, हे मात्र लेखी विचारून घ्यावे, कारण २४ चे चित्र २५ ने चालवले की गाणेही सुमारे चार टक्क्यांनी पळते आणि स्वर पेटीच्या जवळजवळ पाऊण पट्टीने वर चढतो.

संकलक कधी ना कधी ‘अजून चार सेकंद हवेत’ असे म्हणतोच. त्यासाठी प्रत्येक बीटमध्ये चार बारांचा एक तुकडा असा ठेवावा, की तो कितीही वेळा फिरवला तरी जोड ऐकू येऊ नये. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क याने रेकॉर्डमधला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवरून लांबवून लोकांना नाचवले, तीच ही युक्ती आहे.

बेसचे गणित शर्यतीच्या चित्रपटात सर्वांत जास्त छळते. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ताल-यंत्र १९८० मध्ये आले आणि त्याच्या ढोलाचा लांब घुमणारा आवाज हिप-हॉपचा पाया झाला. तो साधारण सेकंदाला ४० ते ६० कंपनांच्या, म्हणजे ४० ते ६० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बसतो. आमच्या चित्रपटातल्या गाड्या होत्या एक सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या. असे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेट घेते, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० स्फोट होतात. आमचे मुख्य गाणे पांढरी पाचमध्ये होते आणि त्याचा खालचा बेस ४९ हर्ट्‌झचा. गाडी पूर्ण वेगात आली, की दोन्ही मिळून नुसती घरघर उरायची आणि कोणते काय ते ओळखू यायचे नाही. चार सिलिंडरच्या मोटारीत हीच संख्या २०० पर्यंत जाते, त्यामुळे तिथे भांडण बेसशी कमी आणि गायकाच्या आवाजाशी जास्त असते. उपाय साधा आहे: गाडी पडद्यावर जवळ असेल तेवढे बार बेस बंद ठेवावा आणि ती निघून गेल्यावर तो एकदम आणावा.

इंजिनाचे आवाज स्वतः ध्वनिमुद्रित करावेत आणि तेच बीटमध्येही वापरावेत. गाडीला किक मारतानाचा खटका स्नेअरखाली (ड्रममधल्या कडक थापेखाली) छान बसतो. त्यासाठी सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावू नये, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार तो गुन्हा आहे. हंगाम संपलेल्या जिनिंगच्या आवारात, मालकाला विचारून, एक गाडी जागेवर उभी करून घेतलेला आवाज कधीही जास्त स्वच्छ मिळतो.

शब्दांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वऱ्हाडीत रॅप लिहिताना ‘गाडीले, घाटाले, तुले, मले’ असे यमक विनाकष्ट जुळते आणि म्हणूनच ते टाळावे. चौथ्या ओळीला ऐकणारा कंटाळतो. वऱ्हाडीचे खरे धन वेगळीकडे आहे. ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे प्रमाण मराठीत घासून गुळगुळीत झालेली यमके नव्या कानाने ऐकू येतात:

मांगं धूर, समोर घाट, काऊन पाहू वयून?
मुठीमंधला घाम सारा रेसवर गेला गयून.

दुसऱ्या ओळीत ‘रेस’ म्हणजे शर्यतही आणि मूठ पिळून द्यायची रेसही. असा दुहेरी शब्द सापडला, की त्याच्या आजूबाजूला काही घालू नये. पूर्ण अल्बम मात्र ठसठशीत वऱ्हाडीत करायचा की धृपदे प्रमाण मराठीत ठेवायची, हे पात्राकडे पाहून ठरवावे. तहसीलच्या गावात शिकलेला पोरगा घरी आणि कॉलेजात एकसारखा बोलत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी शहरातल्या स्टुडिओचे भाडे भरण्याआधी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या शेतकऱ्याच्या घरी चक्कर मारावी. भाव वाढेल या आशेने खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला कापूस आवाज इतका गिळतो, की टाळी वाजवली तर हातातच विरते. आमची सगळी कडवी अशाच खोलीत झाली. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. उन्हाळ्यात टिनाचे छप्पर तापून तडतडते, तेव्हा काम पहाटे उरकावे. विजेचा ५० हर्ट्‌झचा गुंजारव माइकमध्ये येत असल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालवावा; लोडशेडिंगचा एवढा एक फायदा आहे. मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर करावे, चित्रपटाकडे तेच लागते.

प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा ट्रॅक सुटा जपून ठेवावा. जिल्ह्याच्या गावातल्या एका स्टुडिओने आम्हाला तीन गाण्यांच्या फक्त अंतिम फाइली दिल्या आणि सुटे ट्रॅक पुसून टाकले. संवादाखालून आवाज काढायची वेळ आली, तेव्हा तिन्ही गाणी पुन्हा म्हणावी लागली.

जुन्या रेकॉर्डमधला खंजिरीचा तुकडा उचलण्याचा मोह होतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि रचनेचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. खंजिरी भजनांसाठी ओळखले जाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे निधन १९६८ चे, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २०२८ च्या अखेरपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. त्यापेक्षा भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्या काकांना बोलावून, मानधन देऊन, अर्धा तास वाजवून घ्यावे. निर्मात्याशी करार करताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावा. लिहिला नाही, तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढेच धरतो. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, तर त्याच्या मानधनातला गीतकार-संगीतकाराचा वाटा कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने राखलेला आहे, तो सोडून देण्याची सही करू नये.

अल्बमचा क्रम चित्रपटाच्या क्रमाने लावण्याचे बंधन नाही. चित्रपटात चाळीस सेकंद वाजलेले गाणे इथे तीन मिनिटांचे होते आणि पडद्यावर इंजिनाला दिलेली जागा इथे बेसला परत द्यायची असते, म्हणून अल्बमचे मिश्रण वेगळे करावे. एक संथ गाणे अवश्य ठेवावे. वर सांगितलेल्या ‘टू फास्ट टू फ्युरियस’च्याच मालिकेतल्या २०१५ च्या भागातले, दिवंगत अभिनेता पॉल वॉकरला निरोप देणारे संथ गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

शेवटची तपासणी हेडफोनवर करू नये. पेन ड्राइव्ह घेऊन गावाहून तालुक्याला जाणाऱ्या काळीपिवळीत बसावे, चालकाला अल्बम लावायला सांगावे आणि वही मांडीवर ठेवावी. खड्ड्यांतून जाताना जी ओळ कळली नाही, तिच्यासमोर खूण करावी. परत आल्यावर त्या ओळीचा आवाज न वाढवता तिच्याखालची हाय-हॅट दोन डेसिबलने उतरवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने पुन्हा जावे.