सूर्यप्रकाशाचा प्रवास समजावताना या चुका टाळा

सूर्याचा प्रकाश जवळजवळ 15 कोटी किलोमीटर सरळ येतो. गडबड होते ती शेवटच्या शंभरेक किलोमीटरमध्ये, आपल्या हवेत. मुलांना शिकवताना या दोन्हींची गल्लत होते.

तक्त्यावर पंख्यासारखे किरण काढणे

सूर्याच्या एकाच बिंदूतून निघून आपल्यापर्यंत पोचणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्याच्या दोन कडांकडून येणाऱ्या किरणांत मात्र अर्ध्या अंशाचा कोन असतो. हे प्रत्यक्ष दाखवता येतं. पुठ्ठ्याला 5 मिमी बाजूचं त्रिकोणी भोक पाडा आणि त्यातून येणारं ऊन कागदावर घ्या. कागद 10 सेंमीवर असताना त्रिकोणच उमटेल. 2 मीटरवर नेला की जेमतेम दोन सेंटिमीटरचा गोल दिसेल. ती सूर्याची प्रतिमा! अंतराला 107 ने भागलं की तिचा व्यास मिळतो, कडा मात्र भोकाच्या आकारामुळे थोड्या धूसर राहतात.

गोल येत नसेल तर भोक मोठं झालंय किंवा कागद फार जवळ आहे. प्रतिमा फिकट असेल तर खोलीत अंधार करा. भोकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.

पावसाळ्यात सिंहगडावरून ढगांच्या फटींतून पसरणारे पट्टे दिसतात. त्यांचं पसरणं हा दृष्टिभ्रम आहे, ते जवळजवळ समांतरच असतात. शिवाजीनगर स्टेशनावरून रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे वाटतात ना, अगदी तसाच.

लुकलुकणं ताऱ्याच्या माथी मारणे

जानेवारीच्या सुरुवातीला रात्री आठला व्याध हा तारा आग्नेयेकडे क्षितिजाजवळ लाल-निळा चमकतो, कारण तिथून येणारा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. मध्यरात्रीनंतर तो 55 अंशांवर चढला की पुन्हा पाहा, बराच शांत दिसेल.

"लांब जाऊन प्रकाश थकतो"

थकत नाही, पसरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. गुरू सूर्यापासून आपल्या 5.2 पट दूर, म्हणून तिथलं ऊन 27 पट कमी.

प्रकाशवर्षाला काळ समजणे

ते अंतर आहे: सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. सूर्यप्रकाशाची "8 मिनिटं"ही ठरलेली नाहीत. जानेवारीच्या सुरुवातीला 8 मिनिटं 11 सेकंद लागतात, जुलैच्या सुरुवातीला 8 मिनिटं 27 सेकंद. मित्र नावाचा तारा (अल्फा सेंटॉरी) 4.4 प्रकाशवर्षांवर आहे. मेच्या मध्यावर रात्री पावणेबाराच्या सुमारास तो पुण्यातून दक्षिणेला दिसतो, पण फक्त 11 अंशांवर. समोर इमारत असेल तर दक्षिण मोकळी दिसेल अशी टेकडी गाठा.